रूम टोन

प्रत्येक लोकेशनवर शेवटी
मी तीस सेकंद शांतता भरून घेतो.
हलायचं नाही, खोकायचं नाही,
बांगड्या दुसऱ्या हाताने धरायच्या.
रिकाम्या खोलीलाही स्वतःचा आवाज असतो,
संकलनात सांधे झाकायला तो लागतो.

रास अल खैमाच्या बाहेर एक ओस गाव,
दम कोंडून मोत्यांसाठी तळाशी जाणाऱ्यांचं.
प्रवाळाच्या भिंती, हात टेकला की बोटांना शिंपल्याची भुकटी.
तिथे आमचं शेड्यूल अकरा दिवसांचं.
टेकला जनरेटर बंद, पंखे बंद,
आणि चव्वेचाळीस अंशात सगळं युनिट
एका माणसाच्या 'कट'साठी ताटकळत.
मुंबईहून आलेल्यांचे पासपोर्ट निंबाळकरांच्या पेटीत.
"हरवतात रे पोरांकडून," ते म्हणायचे.

सहाव्या दिवशी लंच ब्रेकला
केतकी भोगटेच्या झग्याखाली माईक तसाच राहिला.
चूक माझी. काढायला हवा होता.
सरांनी तिला सीन समजवायला व्हॅनमध्ये बोलावलं होतं.
मी हेडफोन लावून बॅटऱ्या तपासत होतो.

जे ऐकलं ते इथे लिहिणार नाही,
ते तिचं आहे.
एवढंच, की लेव्हल उत्तम होती.
"नको, सर"
उणे अठरावर, स्वच्छ, जराही खरखर नाही.
अठ्ठावीस वर्षांचा हात, आपोआप फेडरवर गेला
आणि मी तो खाली ओढला,
शेजाऱ्यांकडे भांडण लागल्यावर
आपण आपली खिडकी लावून घेतो तसा.

शिबूने बूम भिंतीला टेकवून माझ्याकडे पाहिलं.
मी वायर गुंडाळायला घेतली.
कोपर ते अंगठा, कोपर ते अंगठा.
जेवणात मुगाची खिचडी होती
(हे मी रचून सांगत नाही)
आणि पंचेचाळीस जणांनी ती गिळली.

दार ठोठावलं ते मारीसेलने.
शारजात रोलाला आमच्याच बिल्डिंगमध्ये राहायची,
रोजावर, केस सांभाळायला, मीच सुचवलेली.
व्हिसा सगळ्यांत कच्चा तिचाच.
मराठी एक शब्द येत नव्हतं.
"मॅडम, हेअर! मॅडम, हेअर!"
हातात कंगवा, आणि ठोठावणं थांबेचना.
पुढच्या सीनला केतकीच्या डोक्यावरून ओढणी होती,
केस दिसणारच नव्हते.

दार उघडलं.

सातव्या दिवशी मारीसेल नव्हती.
निंबाळकर म्हणाले, बजेट.
कुणी विचारलंही नव्हतं.

माईक लावताना केतकी म्हणाली,
"काका, काल हा चालू होता?"
"रेंजबाहेर होतीस, पोरी."
रेंज शंभर मीटर. व्हॅन वीस पावलांवर.
तिने मान डोलावली,
दुकानदार माल संपला म्हणतो
आणि मागे पोती दिसत असतात, तशी.

दुबईत खेळ झाला तेव्हा
सरांना शाल, श्रीफळ, आणि आम्ही सगळे उभे.
मला ध्वनीसाठी काचेचं काहीतरी मिळालं.
त्यावर नाव चुकलंय. दुरुस्त करून घेतलं नाही.

त्या गावातला रूम टोन मी अजून ऐकतो.
वारा, एक कबूतर, लांबवर पाण्याचा पंप,
पंचेचाळीस माणसं श्वास धरून.
बाविसाव्या सेकंदाला कुणीतरी आवंढा गिळतं.
माईकच्या सगळ्यांत जवळ मी होतो.

आणि एक राहिलं.
फेडरने फक्त मिक्स बंद होतं, माझे कान बंद होतात.
सुट्ट्या ट्रॅकवर सगळं उतरतच राहतं.
रेकॉर्डर मी थांबवला नव्हता.
कार्ड इथे आहे, रोलाच्या खोलीत,
पासपोर्टच्या कव्हरात.
केतकीचा नंबर तोच आहे, फोटो अधूनमधून बदलते.

वर म्हणालो ना मी, ते तिचं आहे.
मग माझ्याकडे काय करतंय?